पाटीतला उरलेला शब्द

टेलरकाका दवाखान्यात शिरले तेव्हा त्यांना स्वतःला काही झालेलं नव्हतं आणि त्यांचं कुणी तिथे दाखलही नव्हतं. सगळा घोळ झाला तो त्यामुळेच. दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एक लांबट बोळ होता. त्यात काकांनी पाऊल टाकलं मात्र, नव्या वॉचमनने हात आडवा घातला.

“कोणाचे नातेवाईक?”

आता याला काय सांगायचं? खरं उत्तर होतं, पण ते वॉचमनला सांगण्यासारखं नव्हतं. काका इथे एक पाटी बघायला आले होते. थिएटरच्या दारावर लाल रंगात रंगवलेली साधी लाकडी पाटी होती: ‘मोबाईल बंद ठेवा, गडबड करू नका.’ गेले कित्येक महिने काका जमेल तेव्हा इथे यायचे, समोरच्या बाकावर बसायचे आणि त्या पाटीकडे टक लावून बघत राहायचे. जुना वॉचमन ओळखीचा झाला होता. “या काका, तुमची जागा रिकामी आहे,” म्हणायचा. गेल्या खेपेला त्यानेच कानावर घातलं होतं, की बोळ रंगवायला काढलाय, जुन्या पाट्या उतरवून दिव्याच्या लावणार आहेत. म्हणून काका आज धावतपळत आले, तर नेमका तोच बदलून गेलेला.

पाटीत एवढं बघण्यासारखं काय होतं, तेही सांगायला हवं. काका-काकूंचं शिवणकामाचं दुकान होतं. काका कापायचे, काकू काजं-बटणं करायच्या आणि गिऱ्हाईक सांभाळायच्या. कापून उरलेल्या तुकड्यातून काकू पिशवी काढ, उशीचा अभ्रा काढ, असं काहीतरी काढायच्याच. तुकडा फेकून देणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. पुढे पुढे हाच नाद शब्दांचाही लागला. समोरच्या दुकानाची लांबलचक पाटी घ्यायची आणि तिच्यातल्या अक्षरांतून छोटे छोटे शब्द काढायचे. नियम सगळे शिंप्याचे. मात्रा उसवायची नाही, काना जोडायचा नाही, एका शब्दात एक अक्षर एकदाच कापायचं. ज्याला शब्द सापडेल त्याने तो मोठ्याने सांगायचा, आणि दुसऱ्याने कापायच्या टेबलावर खडूने लिहून म्हणायचं, “लिहिला.” मशीनच्या खडखडाटात हे दिवसभर चालायचं. एखादं गिऱ्हाईक हात पसरून माप देत उभं असायचं आणि पडद्याआडून एकदम आवाज यायचा, “वानर!” गिऱ्हाईकाचा चेहरा पडायचा.

काकूंमध्ये धंद्याच्या दृष्टीने एक मोठा दोष होता. त्यांना खोटं बोलता येत नसे. ‘उद्या नक्की मिळेल’ या वाक्यावर शिंप्याचं दुकान उभं असतं, आणि काकू ते वाक्य बोलल्या की त्यांचे कान लालभडक व्हायचे. गिऱ्हाईक आधी कानांकडे बघायचं, मग म्हणायचं, “बरं, मग पुढच्या आठवड्यात येतो.” काका कपाळाला हात लावायचे.

तर याच बोळात, याच बाकावर, काकू शेवटचा डाव खेळल्या होत्या. ऑपरेशन तसं लहानसंच होतं. आत न्यायला अजून वेळ होता, पण काकांचं सगळं अवसान गळालं होतं. हाताला घाम सुटलेला. मग काकूंनीच समोरची पाटी दाखवली. “चला, काढा.”

काका म्हणाले, “दगड.” काकू म्हणाल्या, “बाग.” काका म्हणाले, “कागद.” काकू म्हणाल्या, “कडवा.” काकांनी “गरुड” म्हटल्याबरोबर काकूंनी तो उडवून लावला. “इथला रू दीर्घ आहे. उसवायचं नाही.” खेळता खेळता दोघांनी पाटी पार रिकामी केली. मग स्ट्रेचर आलं. काकूंना हिरवा झगा घातला, केसांवरून कानांपर्यंत हिरवी टोपी चढवली. दार उघडलं तेव्हा त्या मान वळवून म्हणाल्या, “अहो, एक राहिलाय बरं का त्यात. मला सापडलाय. तुम्हाला नाही सापडायचा. बसा शोधत. बाहेर आले की सांगते.”

काकू बाहेर आल्याच नाहीत. काळीज आतल्या आत थांबलं. कुणाची चूक नव्हती, असं सगळ्यांनी समजावलं आणि काकांना ते पटलंही. त्यांना डॉक्टरांचा राग नव्हता, देवाचाही फारसा नव्हता. त्यांना फक्त तो शब्द हवा होता. एवढ्या वर्षांच्या संसाराचं शेवटचं वाक्य, आणि तेही अर्धंच सांगून बाई निघून गेली! शिवाय ज्या तोऱ्यात ती म्हणाली होती, त्यावरून शब्द काही साधासुधा नसणार. चार अक्षरी, निदान पाच अक्षरी असणार. काका त्या हिशेबाने लांबलांब शब्द जुळवत बसायचे आणि हात हलवत घरी जायचे. घरी ‘फिरून येतो’ असं सांगितलेलं असायचं. अंगावरचे कपडे सैल होत चालले होते. मुलगा खूश होऊन म्हणायचा, “बाबा, फिरणं मानवलंय हं तुम्हाला.”

“आजोबा, तुम्हालाच विचारतोय,” वॉचमन म्हणाला. “कोणाचे नातेवाईक? नाहीतर खाली बसा.”

थिएटरच्या दाराशी एका स्ट्रेचरवर एक वाळकेसे म्हातारे गृहस्थ एकटेच पडलेले होते. काकांचं बोट आपसूक तिकडे गेलं.

“त्यांचा.”

“अहो मग आधी नाही का बोलायचं! तिकडे सिस्टर केव्हाच्या ओरडतायत, यांचं कोणी आहे की नाही म्हणून.” वॉचमनने काकांचा दंड धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. “सिस्टर, आले हो यांचे!”

स्ट्रेचरवरच्या गृहस्थांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांनी डोळे किलकिले करून वर पाहिलं. “कोण? दादा?”

काकांनी मागे वळून पाहिलं.

“दादा, आलास तू?” गृहस्थांनी चाचपडत काकांचा हात पकडला. “मी म्हणालो होतो हिला. दादा रुसलाय, पण आज येणार म्हणजे येणार.”

‘नाही हो, मी टेलर,’ असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो हात गार पडला होता आणि त्याला घाम सुटला होता. असला हात काकांच्या चांगल्या ओळखीचा होता. त्या दिवशी तो त्यांचाच होता.

“आलो,” काका म्हणाले.

“थांबशील ना?”

“थांबतो की. जातोय कुठे!”

इतका वेळ शोधत असलेलं माणूस एकदाचं सापडल्यावर सिस्टरने तोंडाचा पट्टा सोडला. “यांना सकाळी चहा कोणी दिला? पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं ना? तुमच्या चहापायी ऑपरेशन ताटकळलं इथे!”

“चुकलं,” काका म्हणाले.

“चुकलं काय चुकलं? एवढे वडीलधारे तुम्ही!”

“पुन्हा नाही देणार.”

“आणि बिस्किटंही दिलीत?”

काकांनी स्ट्रेचरकडे पाहिलं. गृहस्थांनी अपराधी चेहऱ्याने डोळे मिटून घेतले होते. “एकच दिलं,” काका अंदाजाने म्हणाले.

सिस्टरने काकांच्या हातात एक चष्मा कोंबला आणि रुमालात गुंडाळलेली एक पुरचुंडी दिली. “ही यांची कवळी. जिवापाड जपा. हरवली तर शुद्धीवर आल्यावर सगळं खापर आमच्या डोक्यावर.” स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं, वरचा लाल दिवा लागला. काका परक्या माणसाचा चष्मा आणि दात खिशात घेऊन बाकावर बसले आणि त्यांनी सवयीने मान वर केली. पाटीसमोर शिडी उभी होती.

शिडीवर रंगारी होता. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

“अरे अरे, थांब!” काका उठलेच. “ती पाटी जरा राहू दे.”

“राहू दे कशी? आज हा बोळ पुरा करायचाय.”

“मी बघतोय ती.”

रंगाऱ्याने पाटीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. “एवढी दोन वाक्यं आहेत, बाबा. वाचून झाली नाहीत का?”

“वाचून झाली रे. पण एक गोष्ट राहिलीय त्यातली.” काकांनी शिडीचा पाय धरून ठेवला.

रंगारी भला माणूस होता. तो खाली उतरला. “असं करतो, त्या टोकापासून सुरुवात करतो. पण रंगवत इथवर आलो की काढणार. मग मला बोलायचं नाही.”

तो शिडी घेऊन पलीकडे गेला. काकांनी पाटीवर नजर रोवली. मोबाईल बंद ठेवा. आता विचार करायला हवा होता, झटपट. तेवढ्यात औषधांची पिशवी छातीशी धरून एक पिकल्या केसांच्या बाई बोळात आल्या. सिस्टरने त्यांना दाराशीच गाठून काहीतरी सांगितलं आणि बाकाकडे बोट केलं. बाई थबकल्या. मग हळूहळू चालत काकांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी काकांना नखशिखांत न्याहाळलं.

“भाऊजी?” त्या म्हणाल्या.

काका उभे राहिले. धाकट्या भावाच्या बायकोला काय म्हणून हाक मारायची, हे त्यांना सुचेना, कारण त्यांना धाकटा भाऊच नव्हता. “हं,” ते म्हणाले.

“बसा, बसा. तुमच्या भावाने लग्नानंतर कधी भेटवलंच नाही आपल्याला. नुसतं भांडण धरून बसलात दोघं.” बाई शेजारी टेकल्या. “प्रवासात त्रास नाही ना झाला?”

“छे! इथून जवळच तर आहे.”

“जवळ?”

“म्हणजे, आजकाल काय, सगळंच जवळ झालंय.”

“ते खरं. आणि गुडघा काय म्हणतोय तुमचा?”

“बरा आहे.”

“कोणता हो दुखायचा तो?”

काकांनी आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं. “डावा,” ते म्हणाले. बाईंच्या कपाळाला आठी दिसली, तशी त्यांनी घाईने दुरुस्ती केली. “आधी डावा. मग ते दुखणं सरकत सरकत उजव्यावर गेलं.”

“अगंबाई! असंही होतं?”

“आमच्या घराण्यात होतं.”

पलीकडे रंगाऱ्याचा ब्रश सपासप चालला होता. काका एक डोळा पाटीवर, एक डोळा बाईंवर ठेवून बसले होते आणि दोन्हीकडे त्यांना अपयश येत होतं. खिशातली कवळी मांडीला टोचत होती.

“आणि जाऊबाई कशा आहेत?” बाईंनी विचारलं.

याला मात्र काकांना थाप सुचली नाही.

“ती गेली,” ते म्हणाले. “याच दारातून आत गेली. ऑपरेशन लहानच होतं.”

बाईंनी काकांकडे नीट पाहिलं. “कधी?”

“झाले काही महिने. इथेच बसलो होतो दोघं.”

“अरे देवा,” बाई पुटपुटल्या, आणि त्यानंतर त्यांनी गुडघ्याचं किंवा प्रवासाचं काही विचारलं नाही. दोघं नुसते शेजारी शेजारी बसून राहिले. लाल दिवा जळत होता.

अचानक दार उघडून सिस्टर बाहेर आली, पळतच बोळाच्या टोकाला गेली, काहीतरी घेऊन पळतच परत आली आणि दार पुन्हा बंद झालं. बाई ताडकन उठल्या. “काय झालं? का पळतेय ती? एवढा वेळ लागतो का हो? छातीचं दुखणं आहे त्यांना. मी आत जाते.”

“आत नाही जाता येणार.”

“मग मी काय करू? नुसती बसून काय करू इथे?” त्यांनी दारावर थाप मारायला हात उचलला.

काकांना काय करावं ते कळेना. धीर कसा देतात, हे त्यांना येत नव्हतं. आयुष्यभर ते काम काकूंनी केलं होतं. त्यांना फक्त समोरची पाटी दिसत होती.

“बदक,” काका म्हणाले.

“काय?”

“त्या पाटीत बदक आहे. ‘बंद’मधला द घ्या. ‘गडबड’मधला ब. ‘करू’चा क. झालं बदक. अक्षरं मागेपुढे केली तरी चालतात, फक्त मात्रा उसवायची नाही. तुम्ही काढा बघू एखादा.”

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू आता दवाखान्यात आणखी एका खाटेची सोय करावी लागणार. पण थाप मारायला उचललेला हात खाली आला. डोळे पाटीवर गेले. बराच वेळ गेला. मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “कान?”

“लिहिला,” काका म्हणाले.

“कुठे लिहिला?”

“म्हणायचं असतं तसं. पुढचा.”

“काल,” बाई म्हणाल्या. “मोड. दवा. अहो, दवा आहे यात!” त्या हळूच बाकावर बसल्या. “वाद. नवा. बाक, आपण बसलोय तो!” हातातली पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली. काका प्रत्येक शब्दाला “लिहिला” म्हणत होते. यातला एकही नवीन नव्हता. सगळे काकूंनी आणि त्यांनी त्या दिवशीच काढून झाले होते, आणि तरी कुणाच्या तोंडून ते पुन्हा ऐकताना काकांना बरं वाटत होतं. रंगारीसुद्धा भिंत रंगवता रंगवता म्हणाला, “गवा धरा माझ्याकडून.”

पण पाटी ती केवढीशी! शब्द संपत आले तसा बाईंचा धीरही संपत आला. त्या पुन्हा लाल दिव्याकडे बघू लागल्या. “नाहीत आता,” त्या म्हणाल्या. “संपले.” आणि पदर डोळ्यांना लावून उठायला लागल्या.

“एक राहिलाय त्यात,” काका घाईघाईने म्हणाले. “मला सापडलाय. तुम्हाला नाही सापडायचा. बसा शोधत. ते बाहेर आले की...”

आणि ते तिथेच थांबले. वाक्य त्यांचं नव्हतं. त्यांच्याकडे शब्द वगैरे काही नव्हता. शेजारचं माणूस घाबरलंय, ते जागेवर बसावं, एवढ्यासाठी त्यांनी धडधडीत थाप मारली होती. काका उघड्या तोंडाने त्या पाटीकडे बघत राहिले.

बाई मात्र खरंच पुन्हा शोधायला लागल्या होत्या.

तेवढ्यात लाल दिवा विझला. दार उघडून एक ठेंगणी, जाडसर मावशी बाहेर आली. तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणाली, “झालं हो व्यवस्थित. बोलतायत. दादा कोण? दादाला पाठवा म्हणतायत, आणि कवळी मागतायत.” बाई पिशवीत तोंड घालून रडायलाच लागल्या. मावशीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग तिची नजर काकांवर गेली. “अगोबाई, तुम्ही ना ते, शिवणकामवाल्या काकूंचे? काकू गेल्या त्या दिवशी मीच होते आत न्यायला.”

काकांनी त्या दिवशी फक्त पट्टीच्या वरचे डोळे पाहिले होते. ते खडबडून उठले. “आत गेल्यावर ती काही बोलली? एखादा शब्द? कुठला शब्द सांगितला का?”

“शब्दाचंच तर बोलल्या. मला ऐकू आलं होतं ना दारात, म्हणून मी विचारलं, काकू, कुठला हो राहिलाय? तर म्हणतात, ‘कुठला शब्द अन् काय! एकही राहिला नाही. ते बाहेर एकटे बसलेत गं, फार भित्रे आहेत. शोधत बसतील तेवढा वेळ.’” मावशी ओशाळवाणं हसली. “टोपी सरकली होती, ती नीट करायला गेले तर कान हे असे लालबुंद. मी म्हटलं, ताप आहे की काय तुम्हाला!”

काका मटकन खाली बसले. टोपी! त्या दिवशी कानांवर टोपी होती. एवढ्या महिन्यांच्या खेपा, ते चार-चार अक्षरी शब्द, ते फिरायला जाणं, सगळं त्या एका हिरव्या टोपीपायी. स्वतःला आत न्यायला निघालेत आणि ही बाई त्यांच्या घाबरण्याची सोय लावत होती. काकांना हसू फुटलं, आणि हसता हसता इतकं रडू आलं, की त्यांना डोळे पुसायचंही भान राहिलं नाही. ती गेल्यापासून ते असे रडलेच नव्हते.

“लबाड!” ते एकदम मोठ्याने म्हणाले. “लबाड कुठली!”

शेजारच्या बाई रडणं थांबवून दचकल्या. चेहरा गोरामोरा झाला. “कळलं होय तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “मग मीही कबूल करते. तुम्ही भाऊजी नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.”

काकांचं रडणंही थांबलं. “म्हणजे?”

“मोठे दीर जाऊन वर्ष होऊन गेलं. यांच्या छातीचं दुखणं, धक्का नको म्हणाले डॉक्टर. म्हणून दादा रुसलाय, दादा रुसलाय, असंच सांगत आलेय मी. आणि आज सिस्टर म्हणते, दादा आलेत. म्हटलं, बघू तरी, गेलेला माणूस परत येऊन बसलाय तो दिसतो कसा.”

“मग तो गुडघा?”

“त्यांचे गुडघे एकदम ठणठणीत होते.”

“तुम्ही ओरडला का नाहीत माझ्यावर? वॉचमनला का नाही बोलावलंत?”

बाईंनी पदराने नाक पुसलं. “एकटी होते हो मी. कोणीतरी शेजारी बसलं होतं.”

काका हळू आवाजात म्हणाले, “लबाड मी तुम्हाला नव्हतो म्हणालो. माझ्या बायकोला म्हणालो.” आणि त्यांनी शब्दाची ती सगळी हकीकत थोडक्यात सांगितली.

इकडे रंगारी रंगवत रंगवत दाराशी येऊन पोचला होता. या वेळी काका त्याला काही बोलले नाहीत. आता राहिलंच काय होतं त्या पाटीत! त्याने स्क्रू काढले आणि पाटी हातात धरून तो शिडीवरून उतरला. बाई ओलसर डोळ्यांनी तिच्याकडे बघत होत्या. खेळाचा नाद लागला की तो एवढ्यात सुटत नाही. त्यांचे ओठ हलत होते.

“लबाड,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग बोट पुढे आलं. “ल आहे. मोबाईलचा. बा, तोही मोबाईलचाच. आणि ड...”

“गडबडीत आहे,” रंगारी पाटी स्वतःकडे वळवून म्हणाला. “एक सोडून दोन आहेत.”

“आहे की हो! लबाड आहे यात!” बाई उभ्याच राहिल्या. “हा काढला होतात तुम्ही?”

काकांनी मान हलवली. हा त्यांनी काढला नव्हता. काकूंनीही काढला नव्हता. इतके महिने इथे बसून त्यांना तो दिसला नव्हता, कारण ते सगळा वेळ मोठा शब्द शोधत होते आणि हा आपला साधा तीन अक्षरांचा होता. त्यांनी रंगाऱ्याच्या हातातली पाटी आपल्या हातात घेतली आणि त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवलं.

“नाहीच जमलं तिला,” ते म्हणाले. “एवढं टोपीबिपी घालून खोटं बोलायला गेली, आणि राहिला होताच एक.”

मग बाईंनी घसा साफ केला. “मोठ्याने सांगायचा असतो ना?”

“हो.”

“लबाड,” बाई स्पष्ट आवाजात म्हणाल्या.

“लिहिला,” काका म्हणाले.

मावशी अजून दारातच खोळंबली होती. “अहो, येताय ना? दादा दादा करून जीव खाल्लाय त्यांनी माझा.” बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पाटी बाकावर ठेवली आणि खिशातली कवळी चाचपून बघितली.

“चला,” ते म्हणाले. “पण मावशी, आधी मला एक ती हिरवी टोपी द्या.”

मावशीने टोपी दिली. काकांनी ती डोक्यावर चढवली, दोन्ही हातांनी ओढून कानांवर नीट बसवली, आणि मग ते आत गेले.